हेल्मेटमागचा डॉक्टर

इथे ब्रिटनमध्ये मोटरसायकल शिकायची तर बहुतेकांना आधी सीबीटी नावाचं सक्तीचं ट्रेनिंग करावं लागतं. त्याशिवाय शिकाऊ लायसन्सवरही रस्त्यावर येता येत नाही. या ट्रेनिंगची सुरुवात गाडीपासून होत नाही, तर हेल्मेट आणि कपड्यांच्या माहितीपासून होते. त्या हेल्मेटची गोष्ट सर ह्यू केर्न्स या मेंदूच्या सर्जनपाशी जाऊन पोचते.

केर्न्स यांचा जन्म १८९६ चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावचा. अ‍ॅडलेडला डॉक्टरकीचं शिक्षण, मध्येच पहिलं महायुद्ध, मग ऱ्होड्स स्कॉलरशिप मिळवून थेट ऑक्सफर्ड. पुढे बोस्टनला हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली त्यांनी मेंदूची शस्त्रक्रिया शिकून घेतली आणि लंडनला येऊन त्यातच नाव कमावलं.

मे १९३५ मध्ये एका पेशंटसाठी त्यांना डॉर्सेटमधल्या लष्करी इस्पितळात बोलावणं आलं. पेशंट होता टी. ई. लॉरेन्स. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ सिनेमा पाहिला असेल, तर त्याची सुरुवातच मोटरसायकलच्या अपघाताने होते ते आठवत असेल. तो अपघात खरा आहे. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला लॉरेन्सने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून तो गेला, वय ४६.

इथे थोडं थांबायला हवं. लॉरेन्स काही नवशिका नव्हता. ब्रफ सुपीरियर या त्या काळच्या अत्यंत वेगवान गाड्या त्याने एकामागून एक सात वापरल्या, आठवीची ऑर्डरही दिलेली होती. म्हणजे इतक्या वर्षांत आपल्याला काही झालं नाही, हा आपल्या काकामामांचा नेहमीचा मुद्दा त्यालाही लागू होताच. कसब होतं म्हणून तर ती मुलं वाचली असतील. पण आपटल्यावर डोक्याचं काय होतं, ते कसबाच्या हातात नसतं.

केर्न्स यांच्या मनात हे मरण राहून गेलं. १९३७ साली ते ऑक्सफर्डला सर्जरीचे प्रोफेसर झाले. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर तिथल्या सेंट ह्यूज कॉलेजात डोक्याच्या जखमांसाठी खास लष्करी इस्पितळ उभं राहिलं, त्यामागेही तेच. सैन्याचे निरोप पोचवणारे मोटरसायकलस्वार, वर ब्लॅकआउटमुळे काळोखे रस्ते, त्यामुळे डोकं फुटलेल्या पेशंटना काही तोटा नव्हता. दुसरा कोणी असता तर ऑपरेशनं करत राहिला असता. केर्न्स मोजायला बसले.

ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत देशात २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसलेले लोक रस्त्यावर मेले होते, आणि मरणाचं सगळ्यात मोठं कारण डोक्याचा मार हेच होतं. हेल्मेट घालून जखमी झालेले त्यांना फक्त सात जण सापडले. सातही जण जगले. सात हा आकडा छोटा आहे, आजचा स्टॅटिस्टिक्सवाला नाक मुरडेल. पण सैन्याने वाट पाहिली नाही. नोव्हेंबर १९४१ पासून ड्युटीवरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

केर्न्स तिथेही थांबले नाहीत. हॉलबर्न नावाच्या पदार्थवैज्ञानिकाला सोबत घेऊन त्यांनी हेल्मेट घातलेल्यांचे १०६ अपघात तपासले, फुटलेली हेल्मेटंसुद्धा. हेल्मेट फुटलं म्हणजे ते कुचकामी होतं असं आपल्याला वाटतं. खरं तर स्वतः दबून, फुटून ते धक्का पसरवतं आणि कवटीपर्यंत कमी पोचू देतं. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. १९४६ मध्ये त्यांनी युद्धकाळातल्या मृत्यूंचा महिन्यागणिक हिशोब मांडला, तेव्हा नोव्हेंबर १९४१ नंतरची घसरण स्पष्ट दिसली.

युद्धात पेनिसिलिन आघाडीवर वापरून पाहण्याचं काम, सर ही पदवी, अपघातात सापडलेल्या जनरल पॅटनना बघायला जर्मनीला जाणं, असं बरंच काही त्यांच्या खात्यावर आहे. १९५२ साली, अवघ्या ५६ व्या वर्षी, कॅन्सरने ते गेले. ब्रिटनमध्ये सगळ्यांना हेल्मेटची सक्ती झाली १९७३ मध्ये, म्हणजे त्यांच्या पहिल्या लेखानंतर ३२ वर्षांनी. सैन्याला एक महिना पुरला होता!

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १२९ चालवणाऱ्यासोबत मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. तरी सुट्टीत पुण्याला गेलं की मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि मागे डबलसीट बसलेल्या आईच्या डोक्याला ओढणी. केर्न्स यांच्या त्या २,२७९ मध्ये मागे बसलेलेही मोजलेले होते.