हिमालय फिरून आले, बेळगावात झाडू हाती घेतला : काकासाहेब कालेलकर

बेळगाव : टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून आपण रोज येतो-जातो. डिसेंबर १९२४ मध्ये इथं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथं जमलेल्या हजारो लोकांचे संडास कोणी साफ केले? ते काम अंगावर घेतलेल्या स्वयंसेवकांचे प्रमुख होते काकासाहेब कालेलकर.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ चा, साताऱ्याचा. मूळ गाव सावंतवाडीजवळचं कालेली. पुण्यात फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर ते बेळगावच्या गणेश विद्यालयात मुख्याध्यापक झाले. पुढे बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. राष्ट्रीय शिक्षण देणारी ती शाळा १९१२ मध्ये इंग्रज सरकारमुळे बंद पडली आणि काकासाहेब पायी हिमालयात निघाले.

तिथंच साधू होऊन राहिले असते तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण ते परतले. १९१५ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि ते साबरमती आश्रमात शिक्षक झाले. पायाची भिंगरी काही थांबली नाही. फक्त आता प्रत्येक प्रवासाला काम जोडलं गेलं. कधी शिक्षणाचं, कधी हिंदी प्रचाराचं.

बेळगावचं काम त्यातलंच. मैला साफ करणं एका जातीच्याच माथी मारलेलं होतं, त्या काळात इथं ब्राह्मण तरुणही पाट्या-झाडू घेऊन उतरले. चार दिवसांच्या सफाईनं जात गेली नाही, हेही खरंच. पण हे काम कमीपणाचं नाही, एवढं गावानं डोळ्यांनी पाहिलं.

मातृभाषा मराठी असूनही त्यांनी सर्वाधिक लिहिलं गुजरातीत, कारण माणसं तिथली होती, काम तिथलं होतं. त्यांच्या गुजराती पुस्तकाला १९६५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९५३ मध्ये नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचेही तेच अध्यक्ष. २१ ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचं निधन झालं.

आज बेळगाव-निपाणीतून पोरं गट करून गडांवर, हिमालयात जातात. चांगलंच आहे. फोटो काढून झाल्यावर परतताना तिथला कचरा पिशवीत भरून आणला, तर काकासाहेबांची आठवण ठेवली असं म्हणता येईल.