सर्पगंधेला मोजमापाच्या कसोटीवर उतरवणारे डॉ. रुस्तम जाल वकील

वर्ष १९४५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने निधन पावले. त्यांचा रक्तदाब कित्येक महिन्यांपासून धोक्याच्या पातळीवर होता आणि जगातील उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असूनही तो आटोक्यात आणणारे भरवशाचे औषध कोणापाशीच नव्हते. मीठ वर्ज्य करणे, विश्रांती, झोपेची औषधे आणि अगदीच नाइलाज झाला तर मज्जातंतू छेदण्याची अवघड शस्त्रक्रिया, एवढीच साधने त्या काळी होती. याच वर्षांत मुंबईतील एक तरुण पारशी हृदयरोगतज्ज्ञ आपल्या रुग्णांना एका रानटी झुडपाच्या मुळाच्या गोळ्या देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवत होता.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले. विलायतेतच स्थिरावण्याची वाट मोकळी असताना ते मुंबईला परतले आणि केईएम रुग्णालयाशी जोडले गेले.

सर्पगंधा ही वनस्पती त्यांनी शोधली नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आयुर्वेदाला ती शतकानुशतके ठाऊक होती. आपल्या गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता यांनी सर्पदंशावरील मुळांची चर्चा केली आहे. त्यांतील एक मूळ सर्पगंधेचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो, असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी करीत होते. बाजारात गोळ्याही आल्या होत्या. देशातील डॉक्टर औषध देत होते, गुण येत होता. तरी बाहेरच्या जगाच्या लेखी या अनुभवाची किंमत शून्य होती.

वकिलांचे कर्तृत्व नेमके येथे आहे. त्यांनी रुग्ण निवडले, उपचाराआधीचा व नंतरचा दाब मोजला, दुष्परिणामही टिपले. पन्नास रुग्णांवरील हे निष्कर्ष १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आले. बहुतेकांचा दाब उतरला होता. आजच्या निकषांवर ती चाचणी साधीच ठरेल, पण वाचणाऱ्याला पडताळून पाहता येईल असे काहीतरी प्रथमच हाती आले होते. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ते पडताळले आणि अमेरिकेत सर्पगंधेचा प्रवेश झाला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन वेगळे केले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे द्रव्य रेसर्पिन रिते करते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. मनोविकारांवरही ते वापरले गेले आणि मेंदूतील रसायनांच्या अभ्यासाला त्यातून मोठी चालना मिळाली.

१९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी पद्मभूषण आले, १९६५ मध्ये भटनागर पुरस्कार. पण या कीर्तीला दुसरी बाजू होती. मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र नैराश्य येते, हे पन्नाशीच्या दशकातच दिसू लागले. नवी औषधे आली, तशी सर्पगंधा मागे पडत गेली. जगभरच्या मागणीपायी रानातून तिची मुळे इतकी उपसली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. सह्याद्रीच्या पट्ट्यातही ती आता मुबलक राहिलेली नाही.

वकिलांचा वैद्यकीय शिक्षणावरील ठसा मात्र पुरस्कारांहून टिकाऊ ठरला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या रोगनिदानाच्या पुस्तकावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. भारतीय रुग्णांचे आजार विलायती पाठ्यपुस्तकांतून पुरते कळत नाहीत, ही उणीव भरून काढण्यासाठी भारतीय फिजिशियनांच्या संघटनेने ‘एपीआय टेक्स्टबुक ऑफ मेडिसिन’ हा ग्रंथ हाती घेतला. १९६९ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीचे संपादक वकील होते. २० नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या त्यांच्यामागेही निघत राहिल्या.