ठाण्याच्या कोर्टातले बॅरिस्टर बाबासाहेब

राज्यघटनेचे शिल्पकार तुम्हाला पाठ आहेत. पण खुनासारख्या गंभीर केसमध्ये आरोपींसाठी उभे राहणारे, तारखांच्या मागे धावणारे, फीची चिंता करणारे वकील आंबेडकर तुम्ही भेटलात का?

लॉ करणारा एखादा मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. त्याला मूट कोर्टबद्दल विचारा. तो सांगेल, सकाळी आरोपीच्या बाजूनं भांडायचं आणि दुपारी त्याच केसमध्ये सरकारी वकील व्हायचं. दोन्ही बाजू मांडता आल्या तरच वकिली येते म्हणतात. बाबासाहेबांच्या बाबतीत हे कॉलेजच्या स्पर्धेपुरतं नव्हतं. अन्याय झालेल्यांची बाजू, आरोपीच्या वकिलाची बाजू आणि खुद्द प्रतिवादीची बाजू, कोर्टातल्या या तिन्ही जागा त्यांनी आयुष्यात पाहिल्या. आणि यातले दोन महत्त्वाचे प्रसंग घडले ते आपल्या ठाण्यात.

सनद आली, केस येईना

सुरुवात मात्र अजिबात फिल्मी नव्हती. 1916 मध्ये बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पै पै साठवली आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन परतले 1923 मध्ये. वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं मदत केली.

जुलै 1923 मध्ये हायकोर्टात वकिली सुरू झाली खरी, पण काम कोण देणार? मुंबई हायकोर्टात तेव्हा बॅरिस्टरकडे मोठी केस यायची ती सॉलिसिटरमार्फत. सॉलिसिटर मंडळी एका अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला तयार नव्हती. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या तिथे कामाला आल्या नाहीत. मग बाबासाहेबांनी अपिलांची कामं घेतली, मुंबईबाहेरच्या जिल्हा कोर्टांत जाऊन केसेस लढवल्या. घर चालावं म्हणून जून 1925 पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये पार्टटाइम शिकवलं. राहायला परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या आणि ऑफिस दामोदर हॉलमध्ये. तिथे येणारे पक्षकार बहुतेक गरीब. पहिली नोकरी, पहिला पगार याचं टेन्शन असलेल्या तुमच्यापैकी अनेकांना ही वर्षं ओळखीची वाटतील.

आरोपीच्या बाजूनं

नाव झालं ते 1926 मध्ये, पुण्यात. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुष्मन' या पुस्तकावरून जवळकर, केशवराव जेधे, बागडे यांच्यावर बदनामीचा खटला भरला गेला. समोर ल. ब. भोपटकरांसारखे नाणावलेले वकील होते. बाबासाहेबांनी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची ही केस लढवली आणि ऑक्टोबर 1926 मध्ये जिंकली.

हरलेली केसही तितकीच सांगण्यासारखी आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढायचे. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण या विषयांवर त्यात उघड लिहिलं जायचं, वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली जायची. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब तोवर देशपातळीवरचे नेते झाले होते, गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेला होता. या वादग्रस्त केसपासून लांब राहणं त्यांना सोपं होतं. तरीही ते कर्व्यांसाठी उभे राहिले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. आज कॉलेजात लैंगिक आरोग्यावर वर्कशॉप होतं तेव्हा हा दंड आठवायला हरकत नाही.

23 ऑक्टोबर 1928

आता ठाण्याकडे येऊ. 1928 साली बाबासाहेब 37 वर्षांचे होते. मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य होते, शिवाय गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवत होते. त्याच वर्षी सायमन कमिशन देशभर फिरत होतं. त्यात एकही भारतीय नव्हता, म्हणून काँग्रेसनं त्याच्यावर बहिष्कार टाकला होता. बाबासाहेबांनी वेगळा निर्णय घेतला. अस्पृश्यांचं म्हणणं अधिकृतपणे नोंदवायची ही संधी सोडायची नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी निवेदन दिलं, त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी होती. साक्षीची तारीख ठरली 23 ऑक्टोबर आणि जागा पुणे.

नेमकी तेव्हाच ठाण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांची एक फौजदारी केस शेवटच्या टप्प्यावर आली होती. ते आरोपींचे वकील होते आणि आरोपींच्या जिवाचा प्रश्न होता. पुण्याला गेलं नाही तर लाखो लोकांची बाजू मांडायची राहणार. गेलं तर ठाण्यातली माणसं फासावर जाण्याची भीती. तुम्ही असता तर काय केलं असतं? बहुतेक जण म्हणतील, लाखोंचा प्रश्न मोठा, केस दुसऱ्या वकिलाकडे द्या.

बाबासाहेबांनी दोन्हींतलं काहीच सोडलं नाही. त्यांनी न्यायाधीशांकडे विनंती केली की सरकारी वकिलाच्या आधी मला बचावाचं भाषण करू द्या. न्यायाधीशांनी ती मान्य केली.

ऐकायला ही साधी वेळेची अडजस्टमेंट वाटते, पण यातली जोखीम समजून घ्या. बचावाच्या वकिलाचं बळ असतं ते उत्तर देण्यात. समोरच्यानं कोणता साक्षीदार पुढे केला, कुठल्या पुराव्यावर भर दिला, हे ऐकून तो त्यातल्या फटी दाखवतो. आधी बोलायचं म्हणजे सरकारी वकील काय काय म्हणेल हे स्वतःच ओळखायचं, त्याची केस मनातल्या मनात त्याच्याइतकीच भक्कम उभी करायची आणि मग ती पाडायची. एकाच डोक्यात दोन्ही वकील! नंतर सरकारी वकील बोलणार, तेव्हा उत्तर द्यायला आपण तिथे नसणार.

ते बोलले आणि पुण्याला साक्षही दिली. ठाण्याच्या केसमधले बहुतेक आरोपी सुटले.

तक्रारदार आणि प्रतिवादी

दुसरा प्रसंग महाडशी जोडलेला आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सवर्ण जमावानं परिषदेला आलेल्यांवर हल्ला केला. लोक चिडले होते, उलट वार करायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. मार खाल्लेल्यांना कायद्यानं दाद मिळते, हे लोकांना प्रत्यक्ष दिसलं.

पण त्याच वर्षी 12 डिसेंबरला पारडं फिरलं. तळं आमच्या खासगी वहिवाटीचं आहे, असं म्हणत महाडच्या सनातन्यांनी दिवाणी दावा लावला. प्रतिवादी होते भीमराव रामजी आंबेडकर. दोन दिवसांत मनाईहुकूम आला. त्या महिन्यातल्या दुसऱ्या महाड परिषदेत त्यांनी मनुस्मृतीचं दहन होऊ दिलं, पण कोर्टाचा हुकूम मोडून तळ्यावर जायचं टाळलं.

मग सुरू झाली तारखांची लांबण. महाडच्या कोर्टाचा निकाल 8 जून 1931 ला लागला, बाबासाहेबांच्या बाजूनं. विरोधक अपिलात गेले, ते थेट ठाण्याला. ठाण्याच्या कोर्टानं 30 जानेवारी 1933 ला अपील फेटाळलं. पुढे हायकोर्टानंही 17 मार्च 1937 ला तेच केलं. अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची पूर्वापार वहिवाट विरोधकांना सिद्ध करता आली नाही. एका तळ्याचं पाणी कायदेशीर ठरायला जवळपास दहा वर्षं गेली.

घटनेतलं कलम

आता सप्टेंबर 1949 ची दिल्ली. घटना समितीत व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमावर मोठी टीका झाली होती, कारण पोलिसांनी मनमानी अटक केली तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. ही उणीव भरून काढायला बाबासाहेबांनी एक नवं कलम मांडलं. आजच्या राज्यघटनेत ते कलम 22 आहे. अटक झालेल्याला कारण सांगायचं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं आणि आपल्या पसंतीचा वकील नेमायचा त्याचा हक्क नाकारायचा नाही.

हे लिहिणाऱ्या माणसानं वकील नसलेला आरोपी किती एकटा असतो, हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. जिल्हा कोर्टाच्या बाकावर बसलेली तशी माणसं त्यानं जवळून पाहिली होती. आज एखादी गाजलेली केस झाली की आपल्या स्टोरीवर लगेच येतं, अशा आरोपीची केस कुणी वकिलानं घेऊच नये. हा राग खरा असतो. पण पुढच्या वेळी ती पोस्ट शेअर करण्याआधी 1928 चं ठाणे आठवा. त्या केसमधल्या आरोपींना वकीलच मिळाला नसता तर?

कल्याण, डोंबिवलीहून रोज लोकलनं येताना तुम्ही ठाणे स्टेशन कितीदा मागे टाकता. एखादा दिवस उतरा आणि जिल्हा न्यायालयात जा. खटल्यांचं कामकाज सहसा सगळ्यांसाठी खुलं असतं. मागच्या बाकावर शांत बसा, मोबाइल बंद ठेवा आणि दोन्ही वकिलांना पूर्ण ऐका. कोण बरोबर, हे त्याआधी ठरवू नका.