पराभवातही तळपलेली बॅट

सोनगीरच्या बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा भाव वजनावर ठरतो. फलंदाजाचा भाव मात्र केवळ धावांच्या वजनावर ठरवता येत नाही. त्या धावा कोणत्या घडीला आल्या, त्या वेळी दुसऱ्या टोकाला कोण उभे होते आणि त्या झाल्या नसत्या तर संघाचे काय झाले असते, हेही पाहावे लागते. अमेरिकेत बेसबॉलच्या सर्वाधिक मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार देताना हाच वाद दरवर्षी रंगतो. 1941 मध्ये टेड विल्यम्सची फटक्यांची सरासरी .406 होती, पण सलग 56 सामन्यांत यशस्वी फटके मारणाऱ्या आणि विजेत्या यांकीज संघाकडून खेळणाऱ्या जो डिमॅजिओला तो मान मिळाला. पराभूत संघातील फलंदाज मोलाचा ठरू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर विजय हजारे यांच्या कारकिर्दीकडे वळावे लागते.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगली येथे एका शिक्षकाच्या घरी झाला. संस्थानिकांच्या आश्रयाने क्रिकेट वाढण्याचा तो काळ होता. देवासच्या महाराजांमुळे त्यांना ऑस्ट्रेलियाचे थोर फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे बडोदा संस्थान ही त्यांची कर्मभूमी झाली. तत्पूर्वी 1939-40 च्या रणजी हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे प्रथम दर्जाच्या सामन्यातील ते पहिले त्रिशतक होते.

परंतु त्यांचे खरे मोल उलगडले ते डिसेंबर 1943 मध्ये, ब्रेबॉर्न स्टेडियमवरील पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. हिंदू संघाने विजय मर्चंट यांच्या नाबाद 250 धावांच्या बळावर 5 बाद 581 धावांचा डोंगर उभा केला. हजारे यांचा शेष संघ पहिल्या डावात 133 धावांत आटोपला. त्यांतील 59 एकट्या हजारे यांच्या होत्या. फॉलोऑननंतरही निम्मा संघ स्वस्तात गारद झाला. मग त्यांनी धाकटे बंधू विवेक यांना साथीला घेऊन सहाव्या गड्यासाठी 300 धावांची भागीदारी रचली. त्यांत विवेक यांचा वाटा अवघ्या 21 धावांचा होता. संघाच्या 387 धावांपैकी 309 हजारे यांच्या होत्या. अवांतर धावा धरूनही इतर सर्वांची बेरीज 78 भरते. तरीही शेष संघ एक डाव व 61 धावांनी हरला.

हीच कथा जानेवारी 1948 मध्ये अ‍ॅडलेडला पुन्हा घडली. ऑस्ट्रेलियाने 674 धावा काढल्या; द्विशतक झळकावणाऱ्या ब्रॅडमन यांचा त्रिफळा हजारे यांनीच उडवला. भारताच्या पहिल्या डावात हजारे यांनी 116, तर दत्तू फडकर यांनी 123 धावा केल्या. दुसऱ्या डावात लिंडवॉलच्या माऱ्यापुढे सहा भारतीय फलंदाज शून्यावर बाद झाले. हजारे यांनी मात्र 145 धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक झळकावणारे ते पहिले भारतीय ठरले. निकाल मात्र डावाच्या पराभवाचाच होता.

पुढील वर्षी मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध 361 धावांचे लक्ष्य समोर असताना त्यांनी 122 धावा केल्या आणि भारत विजयापासून केवळ सहा धावा दूर राहिला. 1952 मध्ये लीड्सला दुसऱ्या डावात 4 बाद शून्य अशी नामुष्की ओढवली असता, कर्णधार हजारे यांनीच फडकर यांच्या साथीने 105 धावांची भर घालून पडझड सावरली.

दैवाची गंमत अशी, की फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला भारताने आपल्या 25 व्या कसोटीत पहिला विजय मिळवला तेव्हा कर्णधार हजारे होते. पण तो विजय विनू मांकड यांच्या 12 बळींचा, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांच्या शतकांचा होता. ज्या सामन्यांत हजारे यांची बॅट सर्वाधिक तळपली ते हातून निसटले, आणि जो जिंकला त्यात तिचा वाटा लहान होता. एकट्याच्या पराक्रमाने सामना वाचतोच असे नाही. विजयाला अकरा जण लागतात. म्हणूनच एखाद्या फलंदाजाची पारख संघाच्या निकालावरून करणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते. आधार कोसळत असताना तो किती काळ उभा राहिला, हीच त्याची खरी कसोटी.

30 कसोटी सामन्यांत 2192 धावा, सात शतके आणि 47.65 ची सरासरी एवढी शिदोरी ठेवून हजारे 1953 मध्ये कसोटी क्रिकेटमधून दूर झाले. 1960 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. 18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले. आज देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेचा करंडक त्यांच्या नावाने दिला जातो. तो दरवर्षी विजेत्या संघाच्या हाती जातो. पण ज्यांचे नाव त्यावर कोरले आहे, त्यांची थोरवी सिद्ध झाली ती पराभवाच्या छायेतच.