हृदयाची वीज आणि मिठाचे पाणी

हृदयाचा आलेख काढण्यापूर्वी छातीवर आणि मनगटांवर थंडगार जेल लावतात, ते कशासाठी, असे सहसा कुणी विचारत नाही. त्वचेपर्यंत पोहोचणारी हृदयाची वीज जेमतेम एक सहस्रांश व्होल्ट. कोरडी त्वचा तिला अडवते. तारेपर्यंत ती सुखरूप न्यायची, तर मध्ये काहीतरी ओलसर, खारट हवे. आलेखशास्त्राचे जनक विलेम आइंथोव्हेन यांनी त्यासाठी वापरली ती मिठाच्या पाण्याची भांडी.

आइंथोव्हेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारंगचा. वडील डॉक्टर; ते लवकर वारले. सहा मुलांना घेऊन आई १८७० मध्ये हॉलंडमधील उट्रेख्त येथे आली. वैद्यक शिकून पुन्हा जावात जाण्याचा विलेमचा बेत होता. परंतु वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी लायडन विद्यापीठाने त्यांना शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापकपद देऊ केले आणि ते कायमचे तिथलेच झाले.

१८८७ मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी मानवी हृदयाच्या विजेची पहिली नोंद केली होती. आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय खाऱ्या पाण्यात बुडवून ते प्रात्यक्षिके करीत. (यात क्रूरता आहे काय, असा प्रश्न १९०९ मध्ये थेट ब्रिटिश पार्लमेंटात विचारला गेला, तेव्हा गृहमंत्र्यांना मिठाच्या पाण्याचा खुलासा करावा लागला!) वॉलर यांच्या यंत्रातला पाऱ्याचा स्तंभ मात्र फार मंद हाले. त्याची खोट आइंथोव्हेन यांनी प्रथम गणिताने भरून काढली. पी, क्यू, आर, एस, टी ही आज सर्वपरिचित असलेली अक्षरे त्यातूनच आली. पण गणितावर समाधान मानणारा हा माणूस नव्हता. वितळलेला क्वार्ट्झ बाणाला लावून बाण सोडायचा, की मागे अतिसूक्ष्म धागा ओढला जाई. त्यावर चांदीचा मुलामा देऊन तो त्यांनी प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणला. हृदयाची वीज वाहिली की धागा थरथरे आणि त्याची सावली छायाचित्रणाच्या काचेवर उमटे. १९०१ मध्ये जाहीर झालेले हे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते. ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णालयातले रुग्ण यंत्रापर्यंत आणणे अवघड, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटर अंतरावरून टेलिफोनच्या तारेने हृदयाचे ठोके प्रयोगशाळेत आणले.

रुग्ण मात्र दोन्ही हात आणि डावा पाय खाऱ्या पाण्यात बुडवून बसलेला असे. पुढे भांडी गेली, धातूच्या पट्ट्यांवर मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड आले, मग लेप, मग आजची चिकट टिकली. यंत्र खिशात मावू लागले तरी हा सांधा अजून पुरता सुटलेला नाही. जेल सुकते, संकेत पुसट होतो. नवजात बालकाची किंवा वृद्धाची नाजूक कातडी टिकली काढताना सोलली जाते. म्हणून संशोधक आता सेल्युलोज, जिलेटिन, कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान अशा जैविक बहुवारिकांकडे वळले आहेत. ही द्रव्ये स्वतः वीज वाहत नाहीत. त्यांत क्षार किंवा विद्युतवाहक बहुवारिक मिसळावे लागते. त्वचेबरोबर वाकण्याचा, ताणण्याचा गुण मात्र त्यांच्यात आणता येतो.

मुंबईकराला यातले पहिले द्रव्य परके नाही. कॉटन ग्रीनच्या गोदामांत एके काळी ज्या गाठींच्या थप्प्या लागत, तो कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोजच. कोरडा असताना तो तारांवर विद्युतरोधक म्हणून गुंडाळला जाई. मिठाच्या पाण्यात भिजला की तोच वीज पुढे नेतो. कापसावर संशोधन करणारी माटुंग्याची प्रयोगशाळा १९२४ मध्ये स्थापन झाली आणि २०१५ मध्ये तिथे नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला.

त्याच १९२४ साली आइंथोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्राच्या उभारणीत व्हान डर वुर्ट नावाच्या साहाय्यकाचा हात होता. पारितोषिकाची रक्कम त्याच्याशी वाटून घ्यावी म्हणून आइंथोव्हेन यांनी त्याचा शोध घेतला, तर तो वारला होता असे सांगतात. त्याच्या दोन बहिणी गरिबीत दिवस काढीत होत्या. निम्मी रक्कम आइंथोव्हेन यांनी त्यांना दिली. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.