क्रांतिसिंह नाना पाटील

क्रांतिसिंह नाना पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव रामचंद्र होते. त्यांचे गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. घर शेतकऱ्याचे. नाना अंगाने धिप्पाड होते. शाळा शिकून ते तलाठी झाले.

तलाठी म्हणजे कोण हे आपल्या सर्वांना माहीत आहे. सातबाऱ्यासाठी आपले वडील त्यांच्याकडेच जातात. कोणाची किती जमीन, कोणावर किती बोजा, हे सगळे तलाठ्याच्या दप्तरात असते. मला वाटते, नाना पाटलांची खरी शाळा ते दप्तरच असेल. शेतकरी कशाने बुडतो हे त्यांना रोज दिसत असणार.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला. तेव्हा नाना पाटलांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि चळवळीत उडी घेतली. आमच्या गावात कोणी पोलीस भरतीत लागला तर पेढे वाटतात. यांनी तर लागलेली नोकरी सोडली! पुढे ते अनेक वेळा तुरुंगात गेले.

१९४२ साली चले जाव चळवळ सुरू झाली. नाना पाटील भूमिगत झाले. भूमिगत म्हणजे जमिनीखाली नाही, तर लपून राहून काम करणे. इंग्रज सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावले. त्यांचे घर व जमीन जप्त केली. त्यातच त्यांची आई वारली. पोलीस टपलेले होते, तरी त्यांनी कराडच्या घाटावर येऊन आईचा अंत्यविधी केला. आईला शेवटचे बघायला सुद्धा जीव मुठीत धरून यावे लागले. हा भाग वाचताना माझ्या घशात कसंतरीच झालं.

त्या काळात सातारा जिल्ह्यात त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी प्रतिसरकार चालविले. इंग्रजांचे सरकार असताना लोकांचे आपले दुसरे सरकार. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर हे त्यात होते. त्यांची तुफान सेना होती. या सेनेने १९४३ साली शेणोलीजवळ रेल्वे लुटली. १९४४ साली धुळ्याला सरकारी खजिना लुटला. गुन्हेगारांच्या पायाला पत्री ठोकतात असे लोक म्हणत, म्हणून प्रतिसरकारचे नाव पत्री सरकार पडले. आमच्या वर्गातील पोरांना हा भाग लय आवडतो. मधल्या सुट्टीत ते पत्री सरकार खेळतात आणि इंग्रज व्हायला कोणी तयार होत नाही.

पण मला त्यांची दुसरी कामे मोठी वाटतात. पत्री सरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले. दारूबंदी केली. वाचनालये काढली. सावकारांना वठणीवर आणले. नाना पाटील गावच्या बोलीत भाषण करायचे, म्हणून ते बायाबापड्यांना सुद्धा कळायचे. शिक्षेची भीती होती हे खरे. पण नुसत्या भीतीने माणसे ऐकत नाहीत. मॉनिटर छडी घेऊन उभा राहिला की पोरं जास्तच दंगा करतात, हे मी रोज बघतो. नाना पाटलांवर बक्षीस असूनही ते १९४६ पर्यंत सापडले नाहीत. लोकांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. ज्याने स्वतःची नोकरी, घर, जमीन आधी घालविली, त्याचे लोक ऐकणारच.

त्यांनी गांधी लग्ने सुद्धा लावली. हुंडा नाही, वाजंत्री नाही, मोठ्या पंगती नाहीत. सुताचे हार घालायचे की लग्न झाले. जी. डी. बापू लाड यांचे लग्न १९४५ साली कुंडलला असेच झाले. लग्नाच्या कर्जात शेतकऱ्याची जमीन जाते, म्हणून हे काम.

आमच्या घरी यंदा ताईचे लग्न काढले आहे. तिला अठरा पूर्ण झाली आहेत. लग्नासाठी मुकादमाकडून उचल घ्यायची का, यावर रोज रात्री बोलणे चालते. उचल घेतली की दिवाळीच्या आसपास आई आणि दादा कोयता घेऊन कारखान्याला जाणार. उचल फिटली नाही तर पुढच्या साली परत जायचे. मी आणि थोरले आबा घरी राहतो. मी गांधी लग्नाची माहिती घरी वाचून दाखविली. दादा हसले. आई म्हणाली, लोक नावं ठेवतील. ताईने मात्र तो भाग मला परत वाचायला लावला. मग थोरले आबा म्हणाले की डीजे तरी नको. तेवढे ठरले आहे. बाकीचे अजून ठरायचे आहे.

थोरले आबा म्हणजे माझे पणजोबा. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. नाना पाटलांचे नाव काढले की ते उठून बसतात. कारण नाना पाटील आपल्या बीडचे खासदार होते! पत्री सरकारच्या वेळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ साली ते साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या पक्षाची खूण कणीस-विळा. ते दूरचे होते, इथे त्यांचे गणगोत नव्हते, तरी आपल्या लोकांनी त्यांना मते दिली. थोरल्या आबांनी त्यांचे भाषण ऐकले आहे. ते बैलगाडीतून गेले होते. हा माणूस आपल्यातलाच आहे असे वाटले, असे ते सांगतात. आबांचे ते पहिलेच मत होते.

नाना पाटील ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरज येथे वारले. त्यांचा अंत्यविधी वाळव्याला झाला.

शेजारचे चित्र मी फोटो बघून काढले आहे. मिशा अगदी बरोबर आल्या आहेत असे थोरले आबा म्हणाले.

(इयत्ता ४ थी)