केरूनाना छत्रे आणि लोकांपुढील शास्त्र

रोहिणी सरत आल्या म्हणजे बीडच्या बाजारात, तसेच माजलगाव, गेवराई, परळी, अंबाजोगाई येथील पेठांत दुकानोदुकानी एकच प्रश्न कानी येतो: यंदा मृगाचे वाहन कोणते? बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की शेतकऱ्याच्या चर्येवर तजेला येतो व बियाण्याची उधारी देणाऱ्या व्यापाऱ्याचा हातही सैल सुटतो. कोल्हा किंवा मेंढा निघाला की दोघेही मनातून खचतात. हे वाहन ठरते कसे, हे मात्र पुसणारा विरळा. सूर्य ज्या क्षणी नक्षत्रात शिरतो त्या क्षणी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावे, येईल त्या संख्येस नवाने भागावे, आणि बाकी पाहावी. एक उरला तर घोडा, दोन उरले तर कोल्हा, तीन उरले तर बेडूक; काहीच न उरले तर हत्ती. ह्या हिशेबात ना वारा येतो, ना ढग, ना समुद्र. शिवाय जी बाकी रत्नागिरीस तीच बीडास! कोकणात वर्षास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडावा, आमच्या बालाघाटाच्या माथ्यापायथ्याशी सरासरीने सातशेही पडू नये, आणि बेडूक मात्र दोहींकडे एकच असावा, हे वाचकांच्या व्यवहारी बुद्धीस पटते काय?

आम्ही पंचांगाचे वैरी नाही. पंचांगात दोन भाग असतात. एक आकाशाचे गणित. ते डोळ्यांनी पडताळून पाहता येते. दुसरा भाग फलाचा. त्याचा पडताळा कोणी ठेवीत नाही. ह्यांतील पहिला भाग खरा व्हावा म्हणून ज्याने आयुष्य वेचले, आणि त्याहीपूर्वी आकाश, हवा व समुद्र यांविषयीचे नवे ज्ञान मराठी श्रोत्यांपुढे मराठीत मांडले, त्या पुरुषाचे चरित्र आज आमच्या जिल्ह्यातील सुशिक्षितांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. तो पुरुष म्हणजे विनायक ऊर्फ केरो लक्ष्मण छत्रे. त्यांस लोक प्रेमाने केरूनाना म्हणत.

नानांचा जन्म १८२५ च्या सुमारास अलिबागेजवळील नागाव येथे झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले. चुलते सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे मराठी गद्याच्या आरंभकाळातील नामांकित लेखक. त्यांच्या आश्रयाने मुलगा मुंबईस आला आणि एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाला. तेथे बाळशास्त्री जांभेकर व प्रोफेसर आर्लिबार हे दोन गुरू लाभले. बाळशास्त्र्यांनी १८३२ साली ‘दर्पण’ आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ काढून शास्त्रीय विषयांस मराठी वेष चढविण्याचे काम आरंभिले होते. आर्लिबार साहेबांकडे कुलाब्याची वेधशाळा होती. एका गुरूपासून भाषा आणि दुसऱ्यापासून वेध, असा दुहेरी वारसा ह्या पोरक्या मुलास मिळाला.

वेधशाळेत नाना मदतनीस म्हणून लागले तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते. सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथे काढली. काम वरकरणी कंटाळवाणे: ठरल्या वेळी उठावयाचे, हवेचा भार, उष्णता व चुंबकाच्या सुईची हालचाल पाहावयाची आणि वहीत आकडा मांडावयाचा, रात्र असो, आषाढाची झड असो. परंतु हे आकडे म्हणजे केवळ नोकरी नव्हती. त्या दशकात पृथ्वीच्या चुंबकत्वाचे कोडे सोडविण्यासाठी जगभर वेधशाळांची साखळी उभी राहत होती आणि मुंबई ही तिच्यातील एक कडी होती. १८५२ साली कॅनडातील टोरांटो आणि टास्मानियातील होबार्ट येथील आकड्यांवरून सेबाइन नामक शास्त्रज्ञाने दाखविले की, सूर्यावरील डाग जसे कमीजास्त होतात तशी पृथ्वीवरील चुंबकसूचीची चंचलताही कमीजास्त होते. आणि १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर जे प्रचंड वादळ झाले, त्याचा जो धक्का पृथ्वीस बसला, त्याची नोंद कुलाब्याच्या वह्यांत आहे. आजचे शास्त्रज्ञ त्या वादळाचे बळ मोजू लागले म्हणजे मुंबईचेच आकडे पुढे घेतात. नाना तोवर पुण्यास गेले होते. पण ती वहीची शिस्त ज्यांनी घालून दिली त्यांत ते होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हणून, त्यांच्या प्रवाहाने सुई बिघडू नये यासाठी, चुंबकत्वाचे वेध १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आले. म्हणजे नानांची वेधशाळा शेवटी नानांच्या गावाशेजारीच येऊन राहिली म्हणावयाची!

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १८४८ साली एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांनी एक विद्वत्सभा स्थापिली आणि तिच्या पोटी मराठी व गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्षस्थान व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. याच विद्यार्थ्यांनी १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या व वेतन न घेता स्वतः शिकविले, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण शास्त्राची व्याख्याने आणि मुलींच्या शाळा ही दोन कामे एकाच मनातून निघाली होती. सभेचा क्रम साधा. कोणी अभ्यासलेल्या विषयावर मराठीत निबंध लिहावा, तो जमलेल्या मंडळींपुढे मोठ्याने वाचावा, आणि मग तो छापला जावा. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक त्यासाठी निघू लागले. त्यामुळे मुंबईच्या दिवाणखान्यात उच्चारलेला शब्द दूरच्या गावच्या शाळामास्तराच्या हाती छापील रूपाने पोहोचू लागला.

ह्या सभेपुढे केरूनानांनी हवा, भरतीओहोटी, कालज्ञान असे विषय मांडले. विषयांची ही निवडच आम्हांस फार मार्मिक वाटते. हवा प्रत्येकाच्या नाकातोंडात. समुद्र मुंबईकराच्या दाराशी. आणि काळ तर सावकाराच्या वहीत व्याजाच्या रूपाने रोज वाढणारा. भरतीचेच पाहा. पुनवेस व अवसेस उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग पडतो, हे कोळ्यास पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. चंद्रसूर्यांच्या ओढीने पाणी फुगते, ती ओढ एका रेषेत आली की उधाण व काटकोनात आली की भांग, आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो म्हणून भरतीही तितकीच लांबते, हे कारण मात्र शास्त्राने दिले. ज्यास शंका असेल त्याने किनाऱ्यावर खुंट रोवून चार दिवस खूण करावी. असा विषय श्रोत्याच्या पदरात पडतो तो वक्त्याच्या शब्दावर विसंबून नव्हे, तर स्वतःच्या डोळ्यांच्या साक्षीने.

दुसरी गोष्ट भाषेची. तेव्हा ह्या शास्त्रांस मराठीत शब्द तयार नव्हते. नानांचा हात जुन्या ज्योतिषग्रंथांवर बसलेला असल्यामुळे शब्दांची टंचाई त्यांस भासली नसावी. आज शब्दांचे कोश मुबलक आहेत, आणि तरीही आमचे विद्वान सामान्य सभेत उभे राहिले की अर्धे भाषण इंग्रजीत व अर्धे अवजड संस्कृतात करतात, ह्याचे आम्हांस नवल वाटते. उसनवारीच्या शब्दांस आमची हरकत नाही; बाजारात चालणारे नाणे कोणत्याही टाकसाळीचे असो. हरकत आहे ती श्रोत्यास न कळावे अशा बोलण्याने स्वतःची थोरवी वाढते ह्या समजुतीस.

१८५१ च्या सुमारास नाना पुण्यास शिक्षक म्हणून गेले आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणित व सृष्टिशास्त्राचे प्रोफेसर झाले. मुंबईचे विश्वविद्यालय १८५७ साली निघाले. तेव्हा नानांच्या नावापुढे कोणतीही पदवी नव्हती, आणि पदवीधर मात्र त्यांच्या हाताखालून बाहेर पडत. टिळक व आगरकर हे त्यांचेच विद्यार्थी. शाळांसाठी अंकगणित व पदार्थविज्ञान यांची पुस्तकेही त्यांनी लिहिली.

पुण्यातील ह्या काळात त्यांनी पंचांगास हात घातला. दक्षिणेतील पंचांगे तेव्हा गणेश दैवज्ञाच्या १५२० सालच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून होत. ग्रंथ मोठ्या बुद्धीचा. पण घड्याळ कितीही उत्तम असले तरी साडेतीनशे वर्षे न मिळविता चालविले तर काय होईल? पंचांगातील ग्रह एकीकडे आणि आकाशातील दुसरीकडे, अशी गत होती. नानांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्याने, आकाशाशी मिळणारे पंचांग काढण्यास आरंभ केला. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

लोकांनी ते स्वीकारले काय? फारच थोड्यांनी. गणित सूक्ष्म आहे हे पुष्कळांनी मान्य केले असते; परंतु नानांनी राशिचक्राचा आरंभ रेवतीतील एका ठराविक ताऱ्यापासून धरल्यामुळे संक्रांत सुमारे चार दिवस अलीकडे येऊ लागली आणि कधी कधी अधिक मासही निराळा पडू लागला. एका गावात दोन संक्रांती कोण करणार? तिळाचा व गुळाचा माल कोणत्या तारखेस भरावयाचा? येथे आमचे स्पष्ट मत असे की, दोष केवळ लोकांच्या हट्टाचा नव्हता. भरतीओहोटीचा विषय जसा सभेत सर्वांपुढे आला, तसा पंचांगाचा आला नाही. तो शास्त्री व गणिती यांच्या वादातच बहुतांशी राहिला. ग्रहणाच्या दिवशी चौकात माणसे जमवून, जुन्या पंचांगाची वेळ व नव्या पंचांगाची वेळ दोन्ही फळ्यावर मांडून, घड्याळ हाती घेऊन आकाशाकडे पाहण्याचा प्रघात गावोगाव पडला असता, तर अर्धे काम एका रात्रीत झाले असते. ज्या सुधारणेने माणसाच्या सणावारास व देण्याघेण्यास धक्का पोहोचतो, ती त्यास घरी छापील कागद पाठवून पटत नाही.

नानांच्या मागे हा झगडा टिळकांनी चालविला. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आज आमच्या दुकानांतून टांगलेले सोलापूरचे दाते पंचांगही आकाशाशी मिळणारे गणित देते. गणिताच्या बाबतीत नानांचा पक्ष शंभर वर्षांत जिंकला. रेवतीचा तारा मात्र मागे राहिला. आणि वाहने तशीच टिकून राहिली!

नानांच्या उतारवयात, १८७६ ते १८७८ ह्या सालांत, दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी विलायतेत लॉकियर व हंटर यांनी १८७७ साली असे मत मांडले की, सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याशी मद्रासेकडील पर्जन्याचा व दुष्काळाचा संबंध आहे. मत आकर्षक होते, पण पुढील वर्षांच्या आकड्यांपुढे टिकले नाही. पावसाचा पहिला मोसमी अंदाज ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली हिमालयातील बर्फावरून वर्तविला. पुढे वॉकर यांनी दूरच्या महासागरांवरील हवेच्या भाराचा झोका शोधला. आणि पॅसिफिकचे पाणी तापले म्हणजे आमचा मोसमी पाऊस बहुधा अडखळतो, हे आज शाळेतील मुलासही सांगतात. ह्यातील बहुधा हा शब्द फार मोलाचा. वाहन कधी बहुधा म्हणत नाही. शास्त्र म्हणते, आणि आपण कितपत चुकू शकतो तेही सांगते. डागांचे मत सोडून देण्याची शास्त्राची तयारी हीच त्याची पत होय. व्यापारी वाचकांस हे अधिक सांगणे नलगे. जी पेढी आपली बुडीत खाती दाखविते तिच्यावरच ते भरवसा ठेवतात. १८७९ साली नाना निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचा अंत झाला.

आमच्या जिल्ह्यास ज्ञानप्रसारक सभेचा तो काळ लाभला नाही. आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विश्वविद्यालय निघाले व सर्व शास्त्रे देशी भाषेत शिकविता येतात हे त्याने सिद्ध केले. पण ती भाषा उर्दू होती आणि येथील शेतकऱ्याच्या घरी मराठी. १९४८ नंतर ती अडचण उरली नाही. तरीही १९७२ चा दुष्काळ आला, २०१२ व २०१५ सालचे आले, आणि दरवेळी दुबार पेरणीचे बी गेले ते शेतकऱ्याचे व बुडाली ती उधारी दुकानदाराची.

व्याख्याने येथेही होतात. परंतु ती शहरातील सभागृहात, हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात, उच्च शिक्षितांपुढे. दिवाळी उलटली की ह्या जिल्ह्यातील लाखो माणसे, बायकामुलांसह, ऊसतोडीस घाटाखाली निघून जातात ती उन्हाळ्यातच परततात. पेरणीचा निर्णय ज्यांस घ्यावयाचा ती माणसे व्याख्यानाच्या दिवसांत गावात नसतातच. म्हणून आमची सूचना अशी आहे की, वैशाखाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत, आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजाराच्याच जागी ही व्याख्याने व्हावीत. महाविद्यालयांतील भौतिकीचे व भूगोलाचे अध्यापक, कृषिशास्त्राचे जाणकार व हवामान खात्याचे अधिकारी यांनी आलटूनपालटून बोलावे. खर्च अडत व बियाण्याच्या दुकानदारांनी वर्गणीने उचलावा, कारण उधारी त्यांचीच आहे. स्त्रियांस मागे न बसविता पुढे बसवावे. बी त्याच टोकतात. आणि बाजाराच्या मुख्य चौकात एक फळा लावून त्यावर तीन रकाने आखावेत: वाहन काय म्हणाले, हवामान खाते काय म्हणाले, आणि मंडळाच्या पर्जन्यमापकात पाणी किती मिलिमीटर पडले. रोहिणीपासून हस्तापर्यंत कोणीही येऊन वाचावे. फळ्यास व खडूस लागणारे पैसे देण्यास आम्ही आजच तयार आहो. रोज सकाळी साडेआठ वाजता आकडा आणून लिहिणारा तरुण मात्र गावाने द्यावा.